नराच्या रक्तातील बलक : पाण्यातील संप्रेरक-प्रदूषण ओळखणारे प्रथिन

गाबोळी भरलेला मासा ओळखण्यासाठी मासळीबाजारातील जाणत्या विक्रेतीला त्याचे पोट चिरावे लागत नाही; बोटाच्या दाबानेच तिला ते कळते. या गाबोळीतील प्रत्येक अंड्यात पुढच्या पिलाची शिदोरी भरलेली असते. तिला आपण बलक म्हणतो. हा बलक अंडाशयातच तयार होत असावा, असा सर्वसाधारण समज असतो. वस्तुतः त्याचा मूळ माल तयार होतो तो मादीच्या यकृतात. तेथून तो रक्तावाटे अंडाशयापर्यंत वाहून नेला जातो. या प्रवासी प्रथिनाचे नाव आहे विटेलोजेनिन. गेल्या तीन-चार दशकांत नद्या, तलाव आणि खाड्यांमधील एका अदृश्य प्रदूषणाचा माग काढण्यासाठी शास्त्रज्ञांनी ज्या खुणांचा आधार घेतला, त्यांत या प्रथिनाचे स्थान फार वरचे आहे.

लॅटिन भाषेत बलकाला ‘विटेलस’ म्हणतात. विटेलोजेनिन म्हणजे बलक निर्माण करणारे. हे नाव प्रथम रूढ झाले ते पतंगांवरील संशोधनातून, १९६९ मध्ये. पुढे मासे, बेडूक, कासवे, पक्षी अशा अंडी घालणाऱ्या सर्वच पृष्ठवंशीय प्राण्यांतील बलकाच्या पूर्वरूपाला ते लागू करण्यात आले. प्रजननाचा हंगाम जवळ आला, की मादीच्या मेंदूतील ग्रंथीकडून अंडाशयाला संदेश जातो आणि अंडाशय इस्ट्रॅडिऑल हे स्त्रीसंप्रेरक स्रवू लागते. हे संप्रेरक यकृताच्या पेशींत शिरते, तेथील ग्राही प्रथिनाला चिकटते आणि विटेलोजेनिनचे जनुक जागे करते. त्यानंतर यकृत या एकाच प्रथिनाच्या निर्मितीला असे काही जुंपून घेते, की हंगामात मादीच्या प्रत्येक मिलिलिटर रक्तद्रवात ते अनेक मिलिग्रॅम आढळते. मेद, फॉस्फरस, कॅल्शियम आणि शर्करा असा सारा ऐवज या रेणूला जोडलेला असतो. वाढत्या अंडपेशी तो आत ओढून घेतात आणि त्याचे तुकडे करून बलक म्हणून साठवतात.

नराच्या शरीरातही हे जनुक असतेच. नर आणि मादी यांच्या यकृतात या बाबतीत मुळात फरक नाही. फरक आहे तो संदेशाचा. नराच्या रक्तात इस्ट्रॅडिऑल इतके अल्प असते, की ते जनुक आयुष्यभर निद्रिस्त राहते. निरोगी नराच्या रक्तद्रवात विटेलोजेनिनचे प्रमाण बहुधा नॅनोग्रॅममध्ये, म्हणजे मिलिग्रॅमच्या दहा लाखाव्या हिश्शांत मोजावे लागते. मात्र बाहेरून इस्ट्रोजेन किंवा त्याची नक्कल करणारे एखादे रसायन शरीरात आले, की नराचे यकृतही मुकाट्याने बलकाचा माल तयार करू लागते. हुकूम खरा आहे की बनावट, हे त्याला कळत नाही. नराला अंडाशय नसल्यामुळे या प्रथिनाला जायला जागा नसते. ते रक्तातच साचत राहते, आणि म्हणूनच ते मोजणाऱ्याच्या नजरेत भरते. शून्यवत पातळीवरून दहा लाख पटींपर्यंत जाणारी अशी झेप जैवसूचकांच्या जगात क्वचितच पाहायला मिळते.

इंग्लंडमधील नद्यांची कथा

या गुणधर्माचा उपयोग प्रदूषण ओळखण्यासाठी कसा झाला, ही कथा इंग्लंडमधील आहे आणि तिची सुरुवात प्रयोगशाळेत नव्हे, तर गळ टाकून बसणाऱ्या हौशी मासेमारांपासून होते. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस लंडनच्या उत्तरेकडील ली नदीच्या खोऱ्यात, सांडपाणी प्रक्रिया केंद्रांच्या तळ्यांत, काही विचित्र रोच मासे त्यांच्या हाती लागले. रोच हा तिकडच्या नद्यांतील सामान्य मासा. कार्पच्या, म्हणजे आपल्या रोहू-कटल्याच्याच कुळातील. या माशांत नर आणि मादी दोहोंची लक्षणे एकत्र दिसत होती. प्रक्रिया करून सोडलेल्या पाण्यात काहीतरी इस्ट्रोजेनसारखे असावे, असा संशय तेथून बळावला.

संशय तपासण्याची रीत अगदी साधी होती. ट्राउट मासे पिंजऱ्यांत भरून ठिकठिकाणच्या प्रक्रिया केंद्रांतून बाहेर पडणाऱ्या पाण्यात एक ते तीन आठवडे ठेवण्यात आले आणि नंतर त्यांच्या रक्तातील विटेलोजेनिन मोजण्यात आले. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातील आकडे पाहून स्वतः संशोधकही चकित झाले असावेत. स्थळानुसार विटेलोजेनिनचे प्रमाण पाचशे पटींपासून एक लाख पटींपर्यंत वाढले होते. आश्चर्याची बाब ही, की हे पाणी प्रक्रिया न केलेले मैलापाणी नव्हते. प्रचलित निकषांनुसार नदीत सोडण्यास योग्य ठरलेले ते पाणी होते. या कामात अग्रभागी असलेले ब्रुनेल विद्यापीठाचे जॉन सम्प्टर आणि त्यांच्या सहकारी सुझन जोब्लिंग यांनी पुढच्याच वर्षी विटेलोजेनिन हे इस्ट्रोजेन-प्रदूषणाचे जैवसूचक म्हणून सविस्तर मांडले.

पिंजऱ्यातील ट्राउटवरून पुढचा प्रश्न साहजिकच नदीतील मुक्त माशांचा होता. १९९८ मध्ये जोब्लिंग आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमधील आठ नद्यांतील रोच माशांची पाहणी प्रसिद्ध केली. वृषणात अंडपेशी आढळणाऱ्या नरांचे प्रमाण तुलनेसाठी निवडलेल्या स्वच्छ जागी अल्प होते. सांडपाण्याच्या खालच्या अंगाला ते वाढत गेले आणि काही ठिकाणी तर तपासलेला प्रत्येक नर तसाच निघाला. त्यांच्या रक्तात विटेलोजेनिनही चढलेले होते.

आता गुन्हेगार शोधायचा होता. सांडपाण्यात हजारो रसायने असतात. त्यांतले नेमके कोणते हे काम करते? याचे उत्तर मिळवण्यासाठी पाण्याचे रासायनिक गुणधर्मांनुसार भाग पाडण्यात आले आणि प्रत्येक भाग विशेष तयार केलेल्या यीस्ट पेशींवर तपासण्यात आला. या यीस्टमध्ये मानवी इस्ट्रोजेन-ग्राही बसवलेला असतो आणि इस्ट्रोजेन भेटताच द्रवाचा रंग पालटतो. ज्या भागात रंग पालटला, त्यात औद्योगिक विषे सापडतील अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात तीन संप्रेरके सापडली : इस्ट्रॅडिऑल, इस्ट्रोन आणि गर्भनिरोधक गोळीतील कृत्रिम इथिनिल इस्ट्रॅडिऑल. पहिली दोन स्त्रियांच्या शरीरातून नैसर्गिकरीत्या मूत्रावाटे बाहेर पडतात. शरीर ती निष्क्रिय करूनच बाहेर टाकते, हे खरे. पण गटारातील जीवाणू त्यांना जोडलेला शर्करेचा तुकडा तोडतात आणि संप्रेरक पुन्हा सक्रिय होते. मैलापाण्यातील जीवाणूंनीच विष परत जागे करावे, हा या कथेतील सर्वांत अनपेक्षित भाग म्हणावा लागेल.

तरीही उद्योग सर्वस्वी निर्दोष ठरले नाहीत. यॉर्कशायरमधील एअर नदीच्या काठी लोकर धुणाऱ्या गिरण्या होत्या. त्यांच्या सफाईद्रव्यांच्या विघटनातून नॉनिलफिनॉल हे इस्ट्रोजेनची नक्कल करणारे रसायन तयार होत होते आणि त्या नदीत ठेवलेल्या नर ट्राउटमध्ये विटेलोजेनिन प्रचंड वाढलेले आढळले. पुढे या द्रव्यांचा वापर कमी झाला आणि सोडलेल्या पाण्याचा इस्ट्रोजेनी प्रभावही उतरला. युरोपीय संघाने २००३ मध्ये नॉनिलफिनॉलच्या वापरावर कडक निर्बंध आणले. कारण सापडले, ते दूर केले आणि सूचकाने सुधारणेची साक्ष दिली, असे सरळ उदाहरण पर्यावरणाच्या क्षेत्रात फार वेळा मिळत नाही.

एक तलाव, सात वर्षे

विटेलोजेनिन वाढले म्हणून माशांच्या संख्येवर खरोखर परिणाम होतो का, हा प्रश्न त्यानंतरही शिल्लक होता. त्यासाठी कॅनडात एक धाडसी प्रयोग झाला. ओंटारिओ प्रांताच्या वायव्येला संशोधनासाठी राखून ठेवलेल्या तलावांचा एक प्रदेश आहे. त्यातील २६० क्रमांकाच्या तलावात कॅरन किड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ ते २००३ असे तीन उन्हाळे इथिनिल इस्ट्रॅडिऑल मिसळले. प्रमाण होते लिटरमागे पाच ते सहा नॅनोग्रॅम. एक ग्रॅम पदार्थ शंभर कोटी लिटर पाण्यात विरघळवला, तर लिटरमागे एक नॅनोग्रॅम होतो. यावरून या प्रमाणाची कल्पना करता येईल. काही शहरांच्या सांडपाण्यात हे कृत्रिम संप्रेरक जवळपास तेवढ्या प्रमाणात सापडलेले होते.

परिणाम प्रथम विटेलोजेनिनमध्येच दिसला. तलावातील फॅटहेड मिनो या बोटाएवढ्या माशांच्या नरांत ते हजारो पटींनी वाढले. मग वृषणांची वाढ बिघडली, काही नरांच्या वृषणांत अंडपेशी दिसू लागल्या, माद्यांच्या अंडाशयांतही फरक पडला. या माशाचे आयुष्य थोडे असते. नव्या पिढ्या उभ्या राहिल्या नाहीत, तेव्हा त्याची संख्या कोसळून नामशेष होण्याच्या बेतास आली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या सात वर्षांच्या अभ्यासाने पुष्कळ शंका मिटवल्या. संप्रेरक मिसळणे थांबवल्यावर काही वर्षांनी त्या तलावातील मिनो पुन्हा वाढले, हेही येथे नोंदवायला हवे.

मोजतात कसे?

माशाच्या शेपटीजवळच्या शिरेतून सुईने थोडे रक्त काढतात. विटेलोजेनिन हे नाजूक प्रथिन आहे. रक्तातील विकरे त्याचे लगेच तुकडे करू लागतात. म्हणून नमुन्यात ती विकरे रोखणारे द्रव्य घालून तो बर्फावर ठेवावा लागतो, रक्तद्रव वेगळा करून अतिशीत तापमानात साठवावा लागतो. शेतावरच्या झाडाखाली बसून घेतलेला नमुना दुपारभर उन्हात राहिला, तर प्रयोगशाळेतील महागड्या यंत्राचा काही उपयोग नाही. त्यानंतरची मोजणी बहुधा एलायझा पद्धतीने होते : विटेलोजेनिनला ओळखणारे प्रतिपिंड प्लेटवरील खाचांत वापरून, उमटलेल्या रंगाच्या गडदपणावरून प्रमाण काढले जाते. झेब्रा माशासारख्या छोट्या जातीत पुरेसे रक्त मिळत नाही. तेथे संपूर्ण शरीराचा किंवा यकृताचा अर्क वापरतात.

येथे एक व्यावहारिक अडचण आहे आणि भारतासारख्या देशात ती विशेष जाणवते. हे प्रथिन प्रत्येक जातीत थोडे वेगळे असते. कार्पसाठी तयार केलेले प्रतिपिंड त्याच्या कुळातील इतर माशांना बऱ्याच वेळा चालतात, पण दूरच्या कुळाला नाहीत. तयार मिळणारे संच मुख्यतः परदेशी जातींसाठी असतात. स्थानिक मासा वापरायचा, तर त्याचे विटेलोजेनिन प्रथम शुद्ध करून प्रतिपिंड बनवण्यापासून सुरुवात करावी लागते. या दिशेचे मूलभूत काम आपल्याकडे जुने आहे : दिल्ली विद्यापीठात बी. आय. सुंदरराज आणि पी. नाथ यांनी शिंगी माशातील विटेलोजेनिन वेगळे करून स्टेरॉइड संप्रेरकांमुळे ते कसे तयार होते, याचे निष्कर्ष १९८१ मध्येच प्रसिद्ध केले होते. इंग्लंडमधील पिंजऱ्यांच्या प्रयोगाचे निष्कर्ष छापून येण्याआधीची ही तेरा वर्षे.

आणखी एक मार्ग म्हणजे प्रथिनाऐवजी त्याच्या जनुकाचा संदेश, अर्थात एमआरएनए मोजणे. तो काही तासांतच वाढतो आणि संपर्क थांबला, की लवकर ओसरतो. प्रथिन मात्र नराच्या रक्तात कित्येक आठवडे टिकते. त्यामुळे काल-परवाचा संपर्क शोधायचा, तर संदेश पाहावा. मागील महिन्याचा मागोवा घ्यायचा, तर प्रथिन.

आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेने, म्हणजे ओईसीडीने, २००९ मध्ये मंजूर केलेल्या माशांवरील एकवीस दिवसांच्या चाचण्यांत विटेलोजेनिन हा प्रमुख निकष आहे. नवी कीटकनाशके आणि रसायने त्यांतून तपासली जातात. या चाचण्यांत केवळ नरातील वाढ नव्हे, तर मादीतील घटही अर्थपूर्ण मानली जाते. शरीरात इस्ट्रोजेन तयार करणारे विकर एखाद्या रसायनाने रोखले, तर मादीचे विटेलोजेनिन उतरते आणि अंड्यांची संख्या घटते. गुरांच्या वाढीसाठी काही देशांत वापरल्या जाणाऱ्या ट्रेनबोलोनसारख्या पुरुषसंप्रेरकी द्रव्यानेही तेच होते.

आकडा काय सांगतो, काय सांगत नाही

मादीतील घटीचा अर्थ लावताना जपावे लागते. विटेलोजेनिन यकृतात बनते, तेव्हा यकृताला इजा करणारे कोणतेही विष ते खाली आणू शकते. उपासमारीने आणि पाण्याच्या तापमानानेही फरक पडतो. नरातील वाढ त्या मानाने निःसंदिग्ध असते. मात्र तीही ‘इस्ट्रोजेनसारखे काहीतरी आहे’ एवढेच सांगते. कोणते रसायन, हे सांगत नाही. हा दोष आहे, तसाच गुणही. अनेक क्षीण रसायने प्रत्येकी निरुपद्रवी वाटणाऱ्या मात्रेत एकत्र आली, तर यंत्राच्या अहवालात काहीच खटकणार नाही. माशाचे यकृत मात्र त्यांची बेरीज करून उत्तर देते.

मुख्य प्रश्न उरतो तो हानीचा. विटेलोजेनिन अति साचले, तर नराची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. पण मध्यम वाढ ही स्वतः रोग नव्हे, संपर्काची खूण आहे. ब्रिटनमधील रोच माशांविषयी पुढे आलेली माहिती या बाबतीत उद्बोधक आहे. तीव्र स्त्रीलक्षणे असलेल्या नरांची प्रजननक्षमता स्पर्धेत बरीच कमी पडते, असे २०११ मध्ये दिसून आले. मात्र २०१४ च्या जनुकीय अभ्यासात सांडपाण्याने भरलेल्या नद्यांतील रोच पिढ्यान्‌पिढ्या तेथेच टिकून असल्याचे आढळले. अर्थात टिकून असणे म्हणजे सुस्थितीत असणे नव्हे. तरीही ‘नर माशांत बलक सापडला, मासे संपणार’ अशा मथळ्यांपासून वृत्तपत्रांनी दूर राहिलेले बरे.

दुसरी मर्यादा जातींची. कोळंबी आणि खेकड्यांतही बलकाचे प्रथिन असते, पण त्याची सूत्रे इस्ट्रोजेनच्या हाती नसतात. कोळंबीच्या डोळ्याच्या देठातील एक संप्रेरक बलकनिर्मिती रोखून धरते; म्हणून तर हॅचरींमध्ये मादीचा एक नेत्रदेठ काढून तिला अंड्यावर आणण्याची पद्धत पडली. त्यामुळे कोळंबीतील विटेलोजेनिनवरून पाण्यातील इस्ट्रोजेनविषयी थेट निष्कर्ष काढता येत नाही. शिंपल्या-कालवांच्या बाबतीत तर त्यांच्या शरीरातील ग्राही इस्ट्रोजेनला बांधतच नाही, असे दिसून आले आहे.

गोव्याचा या विषयाशी जुना संबंध येतो तो नेमका येथे, आणि तो माशाचा नसून शंखाचा आहे. जहाजांच्या तळाला शेवाळ व शिंपले चिकटू नयेत म्हणून लावल्या जाणाऱ्या रंगांत ट्रायब्युटिल टिन हे कथिलाचे संयुग असे. लिटरमागे जेमतेम एक नॅनोग्रॅम एवढ्या मात्रेतही ते समुद्री शंखांच्या माद्यांवर नराची जननेंद्रिये उगवते. या विकृतीला इम्पोसेक्स म्हणतात. ती इंग्लंडच्या प्लिमथ परिसरात १९७० च्या सुमारास प्रथम नोंदली गेली. दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी १९९९ मध्ये क्रोनिया कोंकणेन्सिस या शंखात भारतीय पाण्यातील इम्पोसेक्सची नोंद प्रसिद्ध केली. ज्याच्या शास्त्रीय नावातच कोकण आहे, असा हा आपल्या खडकांवरचा शंख. पुढे गायरिनियम नाटेटर या दुसऱ्या शंखाचाही त्यांनी या प्रदूषणाचा सूचक म्हणून विचार मांडला. या रंगांवर आंतरराष्ट्रीय बंदी घालणारा करार २००१ मध्ये झाला आणि २००८ मध्ये अमलात आला. माशात विटेलोजेनिन, शंखात इम्पोसेक्स : साक्षीदार प्राण्यागणिक बदलावा लागतो.

सांडपाण्याच्या बाबतीत मात्र साक्षीदार मासाच. भारतात प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याचे मोजमाप जैविक व रासायनिक ऑक्सिजन-मागणी, तरंगते घन पदार्थ, सामू आणि मैलाजन्य जीवाणू अशा निकषांवर होते. संप्रेरके त्या यादीत नाहीत. युरोपीय संघाने २०१५ मध्ये वर उल्लेखिलेली तिन्ही संप्रेरके नजरेखाली ठेवण्याच्या पदार्थांच्या यादीत घातली. स्वित्झर्लंडने २०१६ पासून निवडक प्रक्रिया केंद्रांत ओझोन किंवा सक्रिय कार्बनचा जादा टप्पा बसवण्याचा कायदेशीर कार्यक्रम हाती घेतला.

तो टप्पा खर्चिक आहे. पण अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातील बोल्डर शहराचा अनुभव वेगळा आहे. तेथील प्रक्रिया केंद्राच्या खालच्या अंगाला नर माशांची संख्या घटलेली आणि काहींत दोन्ही लिंगांची लक्षणे आढळली होती. शहराने केंद्राची जुनी ठिबक-गाळणी पद्धत बदलून सक्रिय गाळाची पद्धत बसवली. ही पद्धत भारतातही ठिकठिकाणी वापरात आहे. संशोधकांनी बदलापूर्वी आणि बदलानंतर तेच पाणी वापरून नर मिनो माशांवर चाचणी घेतली. पूर्वीच्या पाण्यात थोड्याच दिवसांत चढणारे विटेलोजेनिन नव्या पाण्यात फारसे चढले नाही.